फौजदार ते आमदार: पोलिसांतून आलेले कोण टिकले आणि का?

लष्करकर (धागाकर्ता)

उपराष्ट्रपतिपदाची २००२ ची निवडणूक आठवते का कुणाला? एका बाजूला भैरोसिंह शेखावत, दुसऱ्या बाजूला आपले सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे. शेखावत ४५४ विरुद्ध ३०५ मतांनी जिंकले. पण मला त्या निवडणुकीची वेगळीच गोष्ट विलक्षण वाटते. दोन्ही उमेदवार तरुणपणी पोलीस खात्यात फौजदार होते! एक राजस्थानात, एक महाराष्ट्रात. दोघेही नोकरी सोडून आमदार झाले आणि शेवटी देशाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या पदासाठी समोरासमोर आले. दोघे आपापल्या राज्याचे मुख्यमंत्रीही झाले, शेखावत त्याआधी आणि शिंदे त्यानंतर.

हा विषय काढायचं कारण म्हणजे आपला ग्वाल्हेर-चंबळचा भाग. इथे वर्दी आणि राजकारण यांचं नातं जुनं आहे. रुस्तमसिंह सगळ्यांना माहीत आहेत. आयपीएसची नोकरी सोडली, २००३ मध्ये मुरैनातून भाजपचे आमदार झाले, पहिल्याच खेपेत मंत्रीही झाले. २००८ ला हरले, २०१३ ला पुन्हा जिंकले, २०१६ मध्ये राज्याचे आरोग्यमंत्री झाले, २०१८ ला रघुराजसिंह कंसानांकडून हरले. २०२३ मध्ये मुलाच्या उमेदवारीच्या वेळी पक्ष सोडून बसपात गेले. वीस वर्षांत एवढे चढउतार.

आता शिंद्यांकडे बघा. सोलापूरच्या सत्र न्यायालयात साधी नोकरी, तिथून पोलिसांत फौजदार, सीआयडीत काम. शरद पवारांच्या आग्रहावरून १९७१ मध्ये राजकारणात. आमदार झाले ते १९७४ मध्ये, करमाळ्याच्या पोटनिवडणुकीत. मधली तीन वर्षं हातात सरकारी पगार नव्हता आणि आमदारकीही नव्हती. घरची परिस्थिती बेताची असलेल्या माणसाने पक्की नोकरी सोडून असं थांबणं किती अवघड, ते नोकरदार घरातल्या आपल्यासारख्यांना सांगायला नको. पुढे राज्यमंत्री, मग मंत्री, मग अर्थमंत्री म्हणून सलग नऊ अर्थसंकल्प. मुख्यमंत्रिपद आलं ते थेट जानेवारी २००३ मध्ये, म्हणजे पहिल्या विजयानंतर जवळपास तीन दशकांनी. नंतर आंध्रचे राज्यपाल, केंद्रात ऊर्जामंत्री आणि २०१२ ते २०१४ देशाचे गृहमंत्री.

शेखावत १९५२ च्या पहिल्याच निवडणुकीत दांता रामगढमधून जनसंघाचे आमदार झाले. मुख्यमंत्री व्हायला १९७७ उजाडलं. आपल्या राज्याशीही त्यांचा संबंध आहे. १९७४ ते ७७ ते मध्य प्रदेशातून राज्यसभेवर होते.

माझं म्हणणं असं की हे दोघे टिकले, कारण दोघांनी राज्यकारभार तळातून पाहिला होता आणि सभागृहातही ते मागच्या बाकापासून सुरुवात करून पुढे आले. फौजदाराला रोज फिर्यादी भेटतो, आरोपीची आई भेटते, गावचा पाटील भेटतो. आयजी साहेबांपर्यंत यातलं पोचतं ते फाइलमधून. हल्ली जे वरिष्ठ अधिकारी राजीनामा देऊन महिन्याभरात तिकीट घेतात, त्यांना हा मधला काळ मिळतच नाही. तुम्हाला काय वाटतं? जाणकारांनी जरूर लिहावं. फक्त पक्षांची भांडणं नकोत.

मुरारवासी

छान विषय. शेखावत फौजदार होते हे माहीत नव्हतं. वाचतोय.

बडोदेकर

आमच्याकडचं उदाहरण जोडतो. जसपालसिंग बडोद्याचे पोलीस आयुक्त होते, पुढे त्याच शहराचे महापौर झाले, सयाजीगंजचे आमदार झाले आणि गुजरातचे मंत्रीही. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी माणसांना त्यांचं नाव आजही सांगावं लागत नाही. म्हणजे वरच्या हुद्द्यावरून आलेला माणूसही लोकांत रुजू शकतो. फरक मला असा दिसतो की ज्या शहरात नोकरी केली तिथल्याच लोकांसमोर ते मतं मागायला उभे राहिले. लोकांनी त्यांचं काम डोळ्यांनी पाहिलेलं होतं, त्यामुळे वर्तमानपत्रातल्या फोटोवर त्यांना विसंबावं लागलं नाही.

जनकगंज

लष्करकर काका, दोन माणसांवरून नियम कसा काढायचा? १९५२ आणि १९७४ चा काळ वेगळा होता. तेव्हा तिकीट मिळवणं आणि निवडणूक लढवणं आजच्याइतकं महाग नव्हतं. आज कुठला फौजदार नोकरी सोडून तीन वर्षं थांबू शकेल?

शिवाय वरून आलेले सगळेच वाहून जातात असंही नाही. उत्तर प्रदेशात असीम अरुण कानपूरचे पहिले पोलीस आयुक्त होते. जानेवारी २०२२ मध्ये स्वेच्छानिवृत्ती, त्याच निवडणुकीत कन्नौजमधून आमदार आणि लगेच समाजकल्याण खात्याचे राज्यमंत्री. बिहारमध्ये सुनील कुमार महासंचालक दर्जावरून २०२० मध्ये निवृत्त झाले, भोरे मतदारसंघातून जिंकले. फरक फक्त ४६२ मतांचा, पण जिंकले. नंतर दारूबंदीचं खातं सांभाळलं, मग शिक्षण. हे मागच्या बाकावर बसलेच नाहीत, तरी काम करतायत.

लष्करकर (धागाकर्ता)

मुद्दा रास्त आहे. पण मला 'निवडून आले' आणि 'मंत्री झाले' याच्या पुढचं विचारायचं आहे. पोलीस खात्याचं जे ज्ञान घेऊन हे सभागृहात गेले, त्याचा खात्याला आणि ठाण्यात येणाऱ्या माणसाला काय उपयोग झाला? कुणी प्रश्न विचारले, कुणी कायदा बदलायला लावला? पोलीस हा विषय घटनेच्या राज्यसूचीत आहे. म्हणजे ठाणं सुधारण्याची किल्ली विधानसभेकडे आहे. सत्यपाल सिंह मुंबईचं आयुक्तपद सोडून २०१४ मध्ये बागपतचे खासदार झाले. पण खासदाराला मुंबईच्या किंवा मेरठच्या ठाण्याबद्दल करता येण्यासारखं फार थोडं असतं. आमदाराला पुष्कळ असतं. म्हणून मी आमदारांवर अडून बसलोय.

निवृत्त टीआय

मी याच रेंजमध्ये टीआय म्हणजे ठाणेप्रमुख होतो, म्हणून लिहितो. बहुतेक वर्षं भिंड-मुरैनाकडे गेली.

आमदार आणि ठाणं यांचा रोजचा संबंध कसा असतो ते बाहेरच्या माणसाला कळत नाही. आमच्याकडे आमदाराच्या बैठकीत गर्दी असते ती तीन कामांसाठी. बंदुकीचं लायसन, कुणाचं तरी नाव एफआयआरमधून काढणं नाहीतर घालणं, आणि बदली. लायसनचं तर विचारू नका. आमच्या भागात मुलाचं लग्न ठरवतानाही घरात बंदूक आहे का हे बघणारे लोक मी पाहिलेत. आमदार शिफारसपत्र देतो, पत्र एसपी कार्यालयात येतं, एसपी ठाण्याकडून अहवाल मागवतात आणि शेवटी ते ओझं टीआयच्या डोक्यावर. अहवाल प्रतिकूल दिला की आमदार नाराज.

माझ्यावरही एकदा अशी पाळी आली. एका लोकप्रतिनिधीच्या माणसाचं नाव मी गुन्ह्यातून वगळलं नाही आणि आठवड्याच्या आत लाइन अटॅच झालो, म्हणजे ठाणं काढून घेऊन पोलीस लाइनीत बसवलं. त्यांचं नाव घेणार नाही, गरजही नाही. सांगायचं ते वेगळंच. पोलिसांतून आलेल्या आमदाराकडून आम्हाला वाटायचं की हा तरी असा फोन करणार नाही. याला माहीत आहे की त्या एका फोनने तपास कसा मोडतो. मुंशी (ठाण्याचा कारकून) रोजनामच्यात (रोजच्या नोंदवहीत) काय लिहितो, काय लिहायचं टाळतो, आरक्षकाची (शिपायाची) ड्यूटी किती तासांची होते, हे त्याला शिकवावं लागणार नाही.

ही अपेक्षा काही वेळा पुरी झाली, काही वेळा नाही. पण ती चुकीची होती असं मला आजही वाटत नाही.

आणि एक. सुप्रीम कोर्टाने प्रकाश सिंह खटल्यात २००६ मध्ये सात निर्देश दिले. त्यात एसपी आणि ठाणेप्रमुख यांना किमान दोन वर्षं एका जागी ठेवा असं स्पष्ट आहे. आमच्या कानावर निर्णय आला तेव्हा ठाण्यात मिठाई वाटायची तेवढी बाकी राहिली होती. पुढे काय झालं ते सगळ्यांना दिसतंच. दोन वर्षं एका ठाण्यात पुरी करणारा टीआय शोधून दाखवा.

दौलतगंजची मीरा

टीआय काका, मनापासून लिहिलंत. प्रकाश सिंह स्वतः आयपीएस होते ना?

निवृत्त टीआय

हो बेटा. उत्तर प्रदेशचे महासंचालक होते, बीएसएफचेही. निवृत्तीनंतर १९९६ मध्ये याचिका केली, निकाल दहा वर्षांनी लागला. निवडणूक लढवली नाही, तरी पोलिसांसाठी त्यांनी जे केलं ते किती आमदारांनी केलं असेल?

सोलापूरची लेक

माझं माहेर सोलापूर, सासर ग्वाल्हेर. शिंदेसाहेबांबद्दल आमच्याकडे दोन्ही बाजूंनी बोलतात, म्हणून दोन्ही सांगते.

सोलापूरनेच त्यांना २०१४ आणि २०१९ मध्ये लोकसभेला हरवलं. एवढी मोठी पदं भूषवलेल्या माणसाने गावासाठी आणखी करायला हवं होतं, ही नाराजी खरी होती. गृहमंत्री असताना डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर तरुण मुलंमुली रस्त्यावर उतरली, तेव्हा सरकार त्यांच्याशी नीट बोललं नाही. तेव्हाचा राग मला आजही आठवतो.

पण लष्करकर काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्याच काळात सापडतं. न्यायमूर्ती वर्मा समितीने महिनाभरात अहवाल दिला आणि मार्च २०१३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. ते विधेयक लोकसभेत मांडणारे गृहमंत्री म्हणजे हेच, पूर्वीचे फौजदार. त्यात भारतीय दंड संहितेत १६६अ हे नवं कलम आलं. बलात्कार, ॲसिड हल्ला यांसारख्या गुन्ह्यांची तक्रार घेऊन बाई ठाण्यात आली आणि अधिकाऱ्याने ती नोंदवलीच नाही, तर त्या अधिकाऱ्यालाच शिक्षा. किमान सहा महिने, कमाल दोन वर्षं सक्तमजुरी. आता नवीन न्याय संहितेतही ही तरतूद आहे.

शिफारस समितीची होती, श्रेय आंदोलनाचं आहे, हे मान्य. तरी ज्याने स्वतः पोलिसाची वर्दी घातली होती त्याच्या हातून हे कलम सभागृहात आलं, याचं मला महत्त्व वाटतं. गेली काही वर्षं मी अशा बायकांबरोबर ठाण्यात जाते. 'उद्या या' म्हणणाऱ्याला कलमाचा नंबर सांगितला की कागद पुढे येतो. हे मी स्वतः पाहिलंय.

मुरारवासी

ताई, फार महत्त्वाची माहिती. हे कलम किती जणांना माहीत असेल?

सोलापूरची लेक

फार थोड्यांना. म्हणून तर लिहिलं.

वकील, इंदूर

काही कायदेशीर गोष्टी लिहितो, कारण 'राजीनामा दिला आणि उभा राहिला' हे वाटतं तितकं सोपं नाही.

सेवेत असताना राजकारणात भाग घेता येत नाही. अखिल भारतीय सेवांच्या १९६८ च्या आचरण नियमांतला पाचवा नियम तेच सांगतो. राजीनामा किंवा स्वेच्छानिवृत्ती सरकारने मंजूर करावी लागते. मंजुरी अडली की उमेदवारी अडते. महाराष्ट्र केडरचे अब्दुर रहमान यांनी २०१९ मध्ये राजीनामा दिला होता, पण २०२४ मध्ये धुळ्यात त्यांचा अर्ज बाद झाला. त्याच निवडणुकीत बंगालमध्ये देबाशीष धर यांचा बीरभूमचा अर्ज 'नो ड्यूज' प्रमाणपत्र नाही म्हणून गेला. गेल्या दहा वर्षांत सरकारी घरात राहिलेल्या उमेदवाराला भाडं, वीज, पाणी, टेलिफोन यांची थकबाकी नाही हे दाखवावं लागतं. पोलीस अधिकाऱ्याचं निम्मं आयुष्य सरकारी बंगल्यात जातं, तेव्हा ही अट त्यांना सर्वांत जास्त लागते.

भ्रष्टाचार किंवा राज्याशी बेइमानी या कारणाने बडतर्फ झालेला अधिकारी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या नवव्या कलमानुसार पाच वर्षं अपात्र असतो. इतर कारणाने नोकरी गेली तर हे कलम लागत नाही.

आता खरा वादाचा मुद्दा. निवृत्ती आणि उमेदवारी यांच्यात सक्तीचं अंतर असावं का? निवडणूक आयोगाने २०१२ मध्ये तशी शिफारस केली होती, केंद्राने ती मानली नाही. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टात याचिका आली, कोर्टाने हे काम विधिमंडळाचं म्हणून ती फेटाळली. म्हणजे आज कायद्याने काहीही अंतर नाही. माझं स्वतःचं मत अंतर असावं असंच आहे. निवडणुकीच्या आदल्या महिन्यापर्यंत ज्याच्या हातात एका पक्षाच्या सभेला परवानगी देणं होतं, त्याने पुढच्या महिन्यात दुसऱ्या पक्षाचा झेंडा घेतला, तर मतदाराने त्याच्या आधीच्या निर्णयांवर विश्वास कसा ठेवायचा?

जनकगंज

वकीलसाहेब, पण असं अंतर घातलं तर चांगल्या अधिकाऱ्याचा हक्क मारला जात नाही का? बाकी कुठल्या पेशाला ही अट नाही.

वकील, इंदूर

बाकी कुठल्या पेशाला अटक करण्याचा अधिकारही नाही. म्हणून हा वेगळा विचार.

निवृत्त टीआय

वकीलसाहेबांशी सहमत. गुप्तेश्वर पांडे आठवतात का? बिहारचे महासंचालक असताना सप्टेंबर २०२० मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली, पक्षात गेले आणि तिकीट मिळालंच नाही. त्याआधी २००९ मध्येही निवडणुकीसाठी नोकरी सोडली होती, तेव्हाही तिकीट नाही मिळालं आणि ते परत सेवेत आले. परत आलेल्या अधिकाऱ्याकडे हाताखालची माणसं कशा नजरेने बघत असतील? तो कुणाचा, हे ठाण्यातल्या शिपायालाही ठाऊक झालेलं असतं. दोष माणसाचा आहेच, पण असं परत येऊ देणारी सोय जास्त वाईट.

बडोदेकर

आमच्याकडे पी. सी. बरंडा. आयपीएस सोडून २०१७ मध्ये भिलोडातून लढले आणि हरले. पण नोकरीत परत जायचा प्रश्नच नव्हता. मतदारसंघ सोडला नाही, २०२२ मध्ये तिथूनच जिंकले. लष्करकर म्हणतात तो मधला काळ त्यांना पराभवाने दिला. भिलोडा आदिवासी राखीव जागा आहे, पाच वर्षं डोंगरातल्या गावांत फिरल्याशिवाय ती मिळत नाही.

लष्करकर (धागाकर्ता)

हे उदाहरण फार चांगलं दिलंत. म्हणजे हुद्द्यापेक्षा मधल्या काळाला जास्त वजन आहे. फौजदार असो की आयजी, वर्दी उतरल्यावर काही वर्षं साधा माणूस म्हणून लोकांत राहिला का, हे बघायचं. जनकगंज म्हणाले तो आक्षेप यात बराचसा सामावतो असं मला वाटतं.

नालासोपाऱ्यात २०१९ मध्ये चकमकींमुळे नाव झालेले प्रदीप शर्मा उभे राहिले, मोठी हवा झाली, तरी क्षितिज ठाकूर जिंकले. तमिळनाडूत अण्णामलाई २०१९ मध्ये राजीनामा देऊन आले, २०२१ ला अरवकुरिचीतून हरले. वर्दीची प्रसिद्धी मतपेटीत आपोआप उतरत नाही. मला हे मतदाराच्या शहाणपणाचं लक्षण वाटतं.

शेखावतांची एक गोष्ट राहिली होती. ते आमदार झाले तेव्हा राजस्थानात जहागीरदारी रद्द करण्याचा प्रश्न पेटला होता. त्यांच्या पक्षाचे बहुतेक आमदार जहागीरदारांच्या बाजूचे, ते स्वतः राजपूत. तरी शेखावत जहागिरी रद्द करण्याच्या बाजूने उभे राहिले. पहिल्याच खेपेचा आमदार, पाठीशी कुणी नाही आणि समोर स्वतःची जात. मला हे त्यांच्या सगळ्या मुख्यमंत्रिपदांपेक्षा मोठं वाटतं.

दौलतगंजची मीरा

आणि पंजाबचे कुंवर विजय प्रताप सिंह? कोटकपुरा इथल्या पोलीस गोळीबाराचा तपास त्यांच्याकडे होता. त्याचा अहवाल हायकोर्टाने रद्द केल्यावर २०२१ मध्ये आयपीएस सोडली, २०२२ मध्ये अमृतसर उत्तरमधून आम आदमी पक्षातर्फे निवडून आले. नंतर स्वतःच्याच सरकारला त्याच तपासावरून प्रश्न विचारत राहिले. मंत्रिपद नाही मिळालं, २०२५ मध्ये पक्षाने निलंबित केलं. त्यांच्या सगळ्या भूमिका मला पटत नाहीत, पण सत्ताधारी बाकावर बसून पोलीस तपासाबद्दल बोलणारा आमदार म्हणून त्यांची नोंद घ्यायला हवी.

लष्करकर (धागाकर्ता)

नक्कीच. मी शोधत होतो ते हेच.

निवृत्त टीआय

मग आपल्या राज्याचं बोला. मध्य प्रदेश पोलीस आजही १८६१ च्या कायद्यावर चालतात. १८५७ चा उठाव झाल्यावर इंग्रजांनी केलेला कायदा! राणी लक्ष्मीबाईंची समाधी आपल्या फूलबागेत आहे, दर जूनमध्ये आपण तिथे फुलं वाहतो, आणि त्यांच्या लढाईनंतर लोकांना धाकात ठेवायला जो कायदा आणला त्याखाली आमच्या पोरांची भरती होते. तिसऱ्या कलमात सगळी देखरेख सरकारकडे. चौथ्यात एसपीवर जिल्हाधिकाऱ्याचं नियंत्रण. डिसेंबर २०२१ मध्ये भोपाळ-इंदूरला आयुक्तालय झालं, ग्वाल्हेर त्यात नव्हतं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये स्वतःच्या पोलीस कायद्यात दुरुस्त्या केल्या, गुजरातने २००७ मध्ये. त्या पुऱ्या नाहीत, त्यांवर टीकाही आहे, पण त्यांच्या विधानसभांत चर्चा तरी झाली.

२३० आमदारांच्या आपल्या सभागृहात पोलिसांतून गेलेला माणूस असेल, तर त्याने हा विषय सोडूच नये असं मला वाटतं. पदरात आरोग्य खातं येवो की पंचायत, हा विषय त्याचाच. बाकीचे २२९ जण रोजनामचा उघडून बघणार नाहीत.

मुरारवासी

पण एकटा आमदार करू काय शकतो? कायदा तर सरकारच आणतं ना?

वकील, इंदूर

बरंच काही करू शकतो. मंत्री नसेल तर उलट जास्तच मोकळा असतो. तारांकित प्रश्न विचारून ठाणेप्रमुखांच्या बदल्यांची यादी तारखांसकट मागता येते. उत्तर सभागृहात द्यावं लागतं आणि ते कायमचं नोंदीत जातं. गृह खात्याच्या अनुदान मागण्यांवर बोलताना आरक्षकांची रिक्त पदं, राहायची घरं, न्यायवैद्यक प्रयोगशाळेतली थकलेली प्रकरणं काढता येतात. ध्यानाकर्षण आहे, त्याला महाराष्ट्रात लक्षवेधी म्हणतात. आणि अशासकीय विधेयकही मांडता येतं. ते पास होण्याची शक्यता फार कमी, पण नव्या पोलीस कायद्याचा मसुदा एकदा पटलावर आला की सरकारला 'आम्ही का आणत नाही' याचं उत्तर द्यावं लागतं.

पोलिसांतून गेलेल्या माणसाला प्रश्न नेमका कुठे टोचून विचारायचा ते कळतं. 'बदल्या किती झाल्या' असं विचारलं तर आकडा येतो. 'दोन वर्षं पुरी होण्याआधी किती ठाणेप्रमुख हलवले आणि प्रत्येकाचं लेखी कारण काय' असं विचारलं तर गृह खात्याला रात्र जागावी लागते.

निवृत्त टीआय

वकीलसाहेब, हा शेवटचा प्रश्न मला तसाच्या तसा लिहून पाठवा. आमच्या निवृत्त मंडळींची दर महिन्याला बैठक असते. तिथे सगळ्यांच्या सह्या घेऊन ग्वाल्हेर जिल्ह्यातल्या सहाही आमदारांना पुढच्या अधिवेशनाआधी देतो.

वकील, इंदूर

आज रात्री पाठवतो. प्रश्नाची सूचना अधिवेशनाच्या बरीच आधी द्यावी लागते, म्हणून बैठकीची वाट बघू नका.

सोलापूरची लेक

त्यात आणखी एक ओळ घाला, काका. गुन्हा नोंदवायला नकार दिल्याबद्दल किती अधिकाऱ्यांवर त्या कलमाखाली कारवाई झाली, जिल्हावार.

निवृत्त टीआय

घालतो.